दोन ‘सीझफायर’: मध्ये पडणारे आणि बजावणारे

अमेरिकेतल्या बंदुकीची बातमी आपल्यापर्यंत येते ती शाळेतल्या नाहीतर मॉलमधल्या गोळीबाराची. पण तिथे बंदुकीने जाणाऱ्या जिवांपैकी फारच थोडे अशा घटनांत जातात. 2022 या एका वर्षात 48 हजारांवर माणसं बंदुकीने गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या आणि खून साडेएकोणीस हजारांच्या घरात. मोठ्या शहरांत हे खून मोजक्याच गल्ल्यांत एकवटलेले असतात. मारणारा आणि मरणारा पुष्कळदा एकमेकांना ओळखत असतात, आणि कालच्या भांडणाचा आज वचपा काढला जातो.

जून 2024 मध्ये तिथले तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत देशाला सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्याचं संकट आहे असं जाहीर केलं. वस्तीच्या मदतीने गोळीबार कमी करता येतो का, हा प्रश्न मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चेत आहे. या चर्चेत ‘सीझफायर’ हे नाव हमखास येतं आणि तिथेच घोळ होतो. या नावाचे दोन उपक्रम आहेत, एक बॉस्टनचा, एक शिकागोचा. दोन्हींत वस्ती आहे, दोन्हींत मोजक्या पोरांवर लक्ष आहे. पण एकात पोलीस मधोमध बसलेले असतात आणि दुसऱ्यात ते मुद्दाम बाहेर ठेवलेले असतात. हा फरक सुटला की एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर चढतात.

आधी बॉस्टन. क्रॅक कोकेनच्या धंद्याबरोबर तिथल्या पोरांच्या हातात पिस्तुलं आली आणि 1990 च्या आसपास पोरं धडाधड मरायला लागली. पुढे हार्वर्डचे डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अ‍ॅन पील हे संशोधक पोलिसांबरोबर आणि गल्लीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर बसले. कोणती टोळी कुठली, कोणाचं कोणाशी वैर, हे त्यांनी एकेक करून लिहून काढलं. साठेक टोळ्या आणि तेराशेच्या आसपास पोरं, म्हणजे शहरातल्या त्या वयाच्या मुलांत एक टक्काही नाही. पण तरुणांच्या किमान 60 टक्के खुनांत याच टोळ्यांचा हात होता.

मे 1996 मध्ये यांतल्या काही पोरांना पहिल्यांदा समोरासमोर बोलावलं गेलं. याला ‘कॉल-इन’ म्हणतात. एका बाजूला पोलीस आणि सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला चर्चचे पाद्री आणि समाजसेवक. निरोप एकच: शिकायचं असेल, काम हवं असेल तर आम्ही आहोत, पण तुमच्या टोळीतल्या एकाने जरी कोणाला मारलं तरी कायदा अख्ख्या टोळीच्या मागे लागेल. एक पत्रकही दाखवलं जायचं. जुन्या गुन्ह्यांची यादी असलेल्या एका माणसाला पोलिसांनी धरलं तेव्हा त्याच्याकडे एकच गोळी सापडली होती. बंदूक नाही, नुसती गोळी. शिक्षा 19 वर्षं 7 महिने, मुदतीआधी सुटकेची सोय नाही. समोर बसलेल्या पोराच्या खिशातही तशी एखादी गोळी असू शकायची. त्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नसणार.

यानंतर बॉस्टनमध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांचे खून महिन्याच्या सरासरीने 63 टक्क्यांनी घटले. त्या काळात इतर शहरांतही खून कमी होत होते, त्यामुळे यातलं श्रेय किती कोणाचं यावर वाद झाला. पण 2000 साली उपक्रम थंडावला आणि पुढच्या काही वर्षांत खून पुन्हा वाढले, हेही खरं.

शिकागोची गोष्ट वेगळ्याच टोकाकडून सुरू होते. गॅरी स्लटकिन हे साथरोगांचे डॉक्टर. सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोग, सोमालियाच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा, मग जागतिक आरोग्य संघटनेत एड्स, असं काम करून ते 1990 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत परतले. त्यांनी शिकागोतल्या खुनांचे नकाशे पाहिले आणि त्यांना बांगलादेशातल्या कॉलऱ्याचे नकाशे आठवले. तसेच पुंजके, एका घटनेपाठोपाठ दुसरी. त्यांनी ठरवलं की हिंसा साथीसारखी पसरत असेल तर ती अडवायचीही साथीसारखीच. संसर्ग कुठे होतोय ते शोधायचं, तिथेच तो थांबवायचा, आणि हे काम त्याच वस्तीतल्या माणसाच्या हाती द्यायचं. आपल्याकडे गावातलीच बाई आशा म्हणून दारात येते तेव्हा तिचं ऐकलं जातं, त्यामागे हाच हिशेब असतो.

2000 साली वेस्ट गारफील्ड पार्क या भागात काम सुरू झालं. 2004 पासून त्यात आले ‘इंटरप्टर’. मराठीत यांना ‘मध्ये पडणारे’ म्हणणंच बरोबर, कारण ते शब्दशः तेच करतात. हे बहुतेक एकेकाळी टोळीत असलेले, तुरुंग पाहिलेले लोक. आपल्याला ती खोट वाटते, पण या कामात तीच पात्रता आहे. कोणाच्या भावाला गोळी लागली की ते इस्पितळात पोचतात, आणि घरच्यांच्या घोळक्यातून जो शांतपणे बाहेर निघालाय त्याच्या मागे जातात. त्याला गाडीत बसवतात, खायला नेतात, दोन तास नुसतं बोलू देतात. तुझ्या आईने आज एक पोरगा इस्पितळात पाहिला, उद्या दुसऱ्याला तुरुंगात पाहायचं का, असं विचारतात. उपदेश करण्यापेक्षा वेळ काढण्यावर सगळा भर असतो, कारण संताप पहिल्या काही तासांतच सर्वात धोक्याचा असतो.

हे ‘साथ’ म्हणणं नुसतं बोलण्यापुरतं नाही. शिकागोतल्या 2006 ते 2014 मधल्या अकरा हजारांवर गोळीबारांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. एकाच गुन्ह्यात एकत्र पकडले गेलेल्या लोकांचं जाळं काढून पाहिलं, तर 63 टक्के घटना त्या जाळ्यातून एकाकडून दुसऱ्याकडे पसरल्यासारख्या दिसल्या. आधी एकाला गोळी लागते आणि त्याच्या जवळच्याला सरासरी चार महिन्यांनी. म्हणजे मध्ये पडायला वेळ मिळतो.

खरी मेख आहे पोलिसांशी असलेल्या नात्यात. मध्ये पडणारा माणूस कानावर आलेली गोष्ट पोलिसांना सांगत नाही. एकदा सांगितली की त्या गल्लीत त्याच्याशी परत कोणी बोलणार नाही, आणि त्याच्या जिवालाही धोका. 2012 मध्ये शिकागो शहराने या उपक्रमाला दहा लाख डॉलर देऊन दोन पोलीस हद्दींत कामाला लावलं. माहिती देत नाहीत अशी पोलिसांची तक्रार झाली आणि पुढच्या वर्षी करार वाढवला गेला नाही. मला वाटतं, इथे शहराने बॉस्टनची अपेक्षा शिकागोच्या पद्धतीवर लादली. बॉस्टनच्या पद्धतीत पोलिसांना माहिती असणं हाच पाया आहे. शिकागोच्या पद्धतीत ती त्यांच्यापर्यंत गेली की पायाच उखडतो.

गंमत म्हणजे बॉस्टनसारखी बोलावून बजावण्याची पद्धतही शिकागोच्याच पश्चिम भागात 2002 पासून चालवली गेली आणि तिथेही खून लक्षणीय घटले. त्यामुळे ‘शिकागोत फरक पडला’ एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणत्या उपक्रमाने, हे विचारावंच लागतं. शिकागोच्या सीझफायरने 2012 मध्ये स्वतःचं नाव बदलून ‘क्युअर व्हायोलन्स’ केलं, तरी जुने लेख जुन्याच नावाने फिरत राहतात.

पुराव्याच्या बाबतीत दोन्ही सारखे नाहीत, आणि मला शिकागोची पद्धत मनापासून पटत असली तरी हे सांगायलाच हवं. बॉस्टनच्या धर्तीवरच्या उपक्रमांचे निकाल बहुतेक शहरांत चांगले आले आहेत. मध्ये पडणाऱ्यांचे निकाल संमिश्र आहेत. बाल्टिमोरमध्ये 2007 पासून हे काम चालू आहे आणि तिथे काही वस्त्यांत गोळीबार घटले, काहींत नाही. काही कार्यकर्ते स्वतः पुन्हा गुन्ह्यांत सापडले. पण या कामाला सलग पैसा क्वचितच मिळाला, हेही विसरून चालणार नाही. इलिनॉय राज्याने 2015 मध्ये निधी गोठवला आणि शिकागोतलं बरंचसं काम बंद पडलं. संघीय न्याय विभागाने एप्रिल 2025 मध्ये अशा कामांची अनेक अनुदानं मध्येच रद्द केली. विश्वासावर चालणारा माणूस दर दोन वर्षांनी घरी बसवला, तर तो विश्वास परत पहिल्यापासून कमवावा लागतो.

आत्महत्यांपर्यंत मात्र दोन्ही पद्धती पोचत नाहीत. तिथे बंदूक घरात कुलपात ठेवणं, खचलेल्या माणसाच्या हाताशी ती येऊ न देणं, असले उपाय लागतात. तो वेगळा विषय आहे, आणि मोठा आहे.

बॉस्टनच्या वाटेने गेलेल्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 2012 पासून कॉल-इन सुरू झाले. तिथल्या मूल्यमापनात बंदुकीचे खून 31 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. आमंत्रण आणि इशारा देणं पोलिसांकडे होतं, पण शुक्रवारी रात्री चर्चची माणसं त्याच गल्ल्यांतून पायी फिरायची. कोपऱ्यावर उभ्या पोरांशी हात मिळवायची, नाव विचारायची, आणि पुढच्या शुक्रवारी परत यायची.