पंप मोठा म्हणून तळघर कोरडं राहत नाही

नाशकात पावसाळा तोंडावर आला की दुकानदार एकमेकांना सांगतात, ‘पाच एचपीचा पंप टाक, तळघरात पाणी टिकणार नाही.’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

एचपी म्हणजे मोटरची ताकद. पाणी किती निघेल, हे पंपाच्या बनावटीवर आणि ते किती उंच चढवायचं यावर ठरतं. बोअरवेलचा पाच एचपी पंप थोडं पाणी खूप उंच नेतो; तळघराला उलट हवं असतं, कमी उंची आणि भरपूर पाणी, शिवाय गाळ-कचरा पचवणारा पंप. हिशेब सोपा आहे: हजार चौरस फुटांवर तासात ५० मिमी पाऊस पडला, तर साधारण ४,६०० लिटर पाणी जमतं. एवढं तर छोटा पंपही काढतो.

खरी अडचण वेगळीच. गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, गोदावरी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढते (या मूर्तीवरूनच नाशिककर पुराची पातळी ओळखतात) आणि सराफ बाजाराच्या बाजूला गटारांतूनच पाणी उलटं वर येतं. अशा वेळी तुम्ही उपसलेलं पाणी त्याच तुंबलेल्या गटारात ओतता. ते फिरून आत येतं, पंप बिचारा गोल गोल राबतो!

म्हणून आधी बाहेर जाणाऱ्या गटारलाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं आत येऊ देत नाही) आणि दाराशी उंच उंबरा. पंप त्यानंतर. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच तर हवाच. पुरात वीज बंद केली जाते, त्यामुळे जनरेटरही लागतो. तो मात्र तळघरात ठेवू नका (ठेवणारे आहेत).