पार्श्वभूमी : माऊसच्या खोक्यावर हाताचं माप का नसतं?

माऊस घ्यायला गेलं की खोक्यावर सगळ्यात ठळक दिसतो तो एक आकडा. 1600 डीपीआय (डॉट्स पर इंच), 3200 डीपीआय, गेमिंगवाल्यांच्या माऊसवर तर 25 हजारांच्या पुढे. तो केवढ्या हातासाठी बनवलाय, हे क्वचितच कुठे लिहिलेलं असतं. या आकड्याला एवढा मान कसा मिळाला, त्याची ही हकीकत.

अगदी मुळाशी जायची गरज नाही. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात बनलेला पहिला नमुना म्हणजे लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एकच बटण. डिसेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि 1970 मध्ये पेटंट मिळालं. पुढे 1980 च्या दशकात खिडक्या आणि चित्रांवर चालणारे संगणक आले, आणि माऊस त्यांच्याबरोबर टेबलावर आला.

आपल्याकडे त्याच्यावर खरा घाम गाळला तो डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांनी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेजमेकर आणि कोरलड्रॉवर लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक लागायचे, आणि अंकांच्या हंगामात ऑपरेटर रात्री उशिरापर्यंत माऊस सोडत नसे. माऊस बॉलचा. कर्सर अडखळायला लागला की तो पालथा करायचा, तळाची चकती फिरवायची, की रबरी थर दिलेला जड गोळा तळहातावर पडायचा. आत रोलरवर मळाची काळी पट्टी साचलेली असायची. ती नखाने खरवडून काढायची. रोलर फिरला की त्याच्या टोकाची खाचांची चकती फिरायची आणि खाचांतून जाणारा प्रकाश किती वेळा अडला, ते मोजलं जायचं. माऊसचं सारं मोजमाप या गणतीवर. तिच्या एककाला जाणकारांत ‘मिकी’ म्हणतात, त्या कार्टूनमधल्या उंदरावरून.

गोंधळ इथूनच सुरू होतो. माऊस एक इंच सरकला की किती मिकी मोजले जातात, याचा आकडा म्हणजे खोक्यावरचं डीपीआय. खरं तर ते ‘काउंट्स पर इंच’, म्हणजे सीपीआय. त्यात डॉट कुठेच नाही. पण डीपीआय हा शब्द छपाईच्या धंद्यात आधीच मुरलेला होता. लेझर प्रिंटर 300 चा की 600 चा, यावर अक्षराची कड ठरायची. जास्त आकडा म्हणजे सरळसरळ चांगला माल. तोच शब्द माऊसवर छापल्यावर गिऱ्हाईक हिशोबही तोच लावणार. आमच्याकडेही तोच लावला गेला.

प्रत्यक्षात हा आकडा मुख्यतः वेग सांगतो. 1920 पिक्सेल रुंद पडदा घ्या. विंडोजच्या मधल्या वेगाला आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हात झटक्यात हलवला की कर्सर जास्त पळवणारी सोय) बंद असताना 800 चा माऊस या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला 2.4 इंच सरकवावा लागतो. 3200 चा असेल तर जेमतेम 0.6 इंच. म्हणजे बोटाचं पेरही हलत नाही तोवर कर्सर पार. मग छोट्याशा चौकटीवर टिचकी मारायची तर हात रोखून धरावा लागतो, आणि तो रोखण्याचा ताण मनगटात जमतो. बॉलचे माऊस साधारण 200 ते 400 चे असत. त्यांना कोपरापासून हात हलवावा लागे. दमायला व्हायचं, पण दमणारा भाग वेगळा. माझं मत विचाराल तर कचेरीच्या कामाला 800 ते 1600 पुरे, आणि त्यापुढचा आकडा खोक्याची शोभा.

1999 मध्ये कुठल्याही साध्या पृष्ठभागावर चालणारा ऑप्टिकल माऊस बाजारात आला. त्याआधीच्या प्रकाशाच्या माऊसना खास रेघांचं पॅड लागायचं. नव्याच्या पोटात बारीकसा कॅमेरा, सेकंदाला हजारावर फोटो काढून आपण किती सरकलो ते ताडणारा. मळ गेला, खरवडणं गेलं. पण सेन्सरचा, म्हणजे या कॅमेऱ्याचा, आकडा दर वर्षी वाढवता येतो, हाताचा पंजा नाही. त्यामुळे जाहिरातीला सेन्सरच सोयीचा.

आकाराकडे लक्ष देताना चुका झाल्याच नाहीत असं नाही. 1998 मध्ये एका बड्या कंपनीने पूर्ण गोल माऊस काढला. दिसायला देखणा, पण हातात धरल्यावर त्याचं पुढचं टोक कुठलं तेच कळेना. दोन वर्षांत गुंडाळावा लागला. उलट उजव्या हाताच्या खोबणीत बसवलेले फुगीर माऊस ‘अर्गोनॉमिक’ म्हणून टिकले. डावखुऱ्यांना ते निरुपयोगी. सायबर कॅफेतला स्वस्त, दोन्ही बाजूंनी सारखा माऊस त्यांना जास्त आरामाचा होता, हे कुणी खोक्यावर लिहिलं नाही. हस्तांदोलनासारखा उभा धरायचा माऊस या शतकातला; त्यात तळहात पालथा करावा लागत नाही, मात्र बारीक कामाला हात बसायला काही दिवस जातात.

आपल्याकडची एक भर मात्र परदेशी परीक्षणांत सापडत नाही : कॉम्प्युटर टेबलाची सरकती ट्रॉली. तिच्यात कीबोर्ड मावायचा, माऊसला जागाच नाही, म्हणून तो वरच्या फळीवर मॉनिटरशेजारी. खांदा उचललेला, कोपर अधांतरी. त्यात कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांच्या कळा, म्हणजे माऊस आणखी लांब. अशा टेबलावर कितीही महाग माऊस ठेवा, खांदा दुखायचाच.

मापाचा एक ठोकताळा सांगतात : मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीच्या साठ टक्के लांब माऊस. 17 सेंटीमीटरच्या हाताला साधारण 10, 20 च्या हाताला 12. पूर्वी दुकानदार खोकं फोडून माऊस काउंटरवर ठेवायचा आणि आपण पाच मिनिटं तो रिकाम्या काचेवर फिरवत उभे राहायचो. आता तो प्लास्टिकच्या कवचात बंद येतो, किंवा कुरियरने, आणि हातात धरून बघायचा तर आधी पैसे मोजावे लागतात.