मोठ्या आचेवर डाळ लवकर शिजते?

उकळी फुटल्यावरही आच मोठी ठेवली की डाळ लवकर शिजते, हा समज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. शिजण्याचा वेग ठरतो तापमानावर. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं आणि तिथेच थांबतं. जादा गॅसने नुसती वाफ होते, पाणी आटतं, डाळ तळाला लागते. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांजवळ जातं, म्हणून वेळ कितीतरी वाचतो. तिथेही पहिल्या शिट्टीनंतर आच बारीकच हवी. आमटीची चिंच डाळ शिजल्यावरच घाला, कारण आम्लात डाळीतलं पेक्टिन, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा घटक, सहज विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही डाळ अशीच टणक ठेवतं.