सेवांची सांगड : मराठवाड्यातील आरोग्य आणि समाजसेवा

आजारपण, बाळंतपण, पोषण आणि वृद्धांची देखभाल ही कामे वेगवेगळ्या खात्यांनी आपापली न करता आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत, स्वयंसेवी संस्था व गावकरी यांनी मिळून करण्याची पद्धत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तिचा सरकारी पाया म्हणजे १९७५ पासूनची एकात्मिक बालविकास सेवा योजना आणि २००५ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, उपकेंद्र आरोग्य खात्याचे आणि पाण्याची टाकी ग्रामपंचायतीची, अशी एकाच गावाची वाटणी असते. ती जोडण्यासाठी गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नेमली गेली आणि खर्चाला वर्षाकाठी १०,००० रुपयांचा अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा) निधी ठेवला गेला. प्रत्यक्षात सांगड टिकते ती आशाताई, अंगणवाडीताई आणि नर्सबाई यांच्या रोजच्या बोलण्यामुळे. समितीची बैठक बऱ्याचदा सह्यांपुरती उरते.

ग्रामीण आरोग्य अभियानाआधीही या भागात असे प्रयोग झाले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना प्राथमिक उपचार शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. आशा ही कल्पना सरकारी कागदावर येण्याआधीचे हे काम. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून याच दिशेने काम केले होते. शहरी बाजूला, छत्रपती संभाजीनगरच्या हेडगेवार रुग्णालयाला (स्थापना १९८९) सेवावस्त्यांतील, म्हणजे झोपडपट्ट्यांतील, कामाची जोड मिळाली.

२००७ मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) होता. गावकरी उपकेंद्राच्या सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडत. भागीदारी या शब्दाला इथेच खरा अर्थ आला, कारण एरवी भागीदार म्हटल्या जाणाऱ्या गावाच्या हाती सेवेचे मूल्यमापन कधीच नसते. शेतकरी आत्महत्यांनंतर मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत राबवलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात मनोविकारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात बसत, पण खचलेले घर ओळखण्याचे काम आशाताईंकडेच आले. कर्ज आणि नापिकी यांवर मात्र आरोग्य खात्याकडे औषध नसते. तिथे महसूल व कृषी खाते सोबत नसेल तर समुपदेशन अर्ध्यावरच थांबते.

पद्धतीची सर्वांत कठीण परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात होते. दिवाळीच्या आसपास बीडमधून लाखो मजूर मुकादमाच्या उचलीवर (आगाऊ रकमेवर) पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. आशाताईच्या वहीत नाव असलेली गरोदर बाई फडावर पोहोचली की तिथल्या यंत्रणेला परकी होते. तिचे लसीकरण, गोळ्या, तपासण्या मधेच तुटतात. एक दिवस खाडा म्हणजे मजुरी बुडणार, वर दंड. त्यामुळे दुखणे अंगावर काढले जाते. याच ताणातून गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या बीडच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आणि स्थलांतरापूर्वी व परतल्यावर तपासणी असे उपाय आले. कारखाना आणि मुकादम यांना मात्र आरोग्याच्या जबाबदारीत पुरेसे ओढलेले नाही, आणि त्यांच्याशिवाय ही भागीदारी अपुरी आहे.

मागे गावात उरतात म्हातारे आणि नातवंडे. श्रावणबाळ योजनेचे पैसे तहसील कार्यालयातून मंजूर होतात, रक्तदाबाची गोळी उपकेंद्रातून मिळते आणि नातवंडांचा आहार अंगणवाडीतून. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची रोजची सेवा यांपैकी कोणत्याही खात्याच्या कामात बसत नाही. ती शेजारणीच करतात.