बंडीचा आख आणि कार्टचे टायर

पुतण्या अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. कॉलेजच्या पोरांनी पाइप वाकवून, वेल्डिंग करून शर्यतीची कार्ट, म्हणजे छोटी उघडी चारचाकी, बांधली, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो तिचे मागचे दोन टायर घेऊन दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी आला. कार्टच्या कोरड्या ट्रॅकवरच्या टायरला नक्षी नसते. रबरात फक्त बारीक खड्डे असतात. ते दिसेनासे झाले की टायर संपला. डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेचे खड्डे पार पुसले गेले होते, उजव्याचे बऱ्यापैकी शाबूत. पोरांना वाटत होतं, मालच खराब लागला.

गावच्या म्हाताऱ्या वाढईबुवांनी, म्हणजे सुतारबाबांनी, दोन्ही टायर हातात फिरवून पाहिले. “दोनी चाकं एकाच आखाले जाम हायेत काय बावा?”

जाम होती. टायर असे का झिजतात याचा उगम तिथेच आहे.

बैलबंडीचा आख फिरत नाही, चाकं त्याच्यावर मोकळी फिरतात. बंडी वळवली की बाहेरचं चाक जास्त फेरे घेतं, आतलं कमी. वंगण असलं की झालं. लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव असो की नंतर आलेली डनलॉपची रबरी चाकं, ही मोकळीक कायम राहिली. मोटारीत हेच काम दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारा डिफरन्शिअल करतो.

कार्टमध्ये तो नाही. पहिली कार्ट १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स आणि लू बोरेली यांनी बनवली, तीही गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. नळ्यांचा सांगाडा, लहान चाकं, स्प्रिंग नाही, शॉकअब्सॉर्बर नाही. सुरुवातीच्या कित्येक कार्टमध्ये इंजिनाचा जोर मागच्या एकाच चाकाला मिळत असे. मग दोन्ही चाकांना जोर देणारा अखंड फिरता आख आला. तो हलका होता, स्वस्त होता आणि टिकला. १९६२ साली कार्टिंगची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, नियम बांधले गेले, तरी आख तसाच राहिला.

त्याची किंमत टायर मोजतात. मागच्या दोन टायरच्या मध्यांत सव्वा मीटरच्या आसपास अंतर असतं. अर्धं वर्तुळ वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पावणेचार-चार मीटर जास्त चालतं, वळण लहान असो की मोठं. पण दोन्ही चाकांना फेरे सारखेच घ्यावे लागतात. म्हणजे कुणीतरी एक घासणारच. यावर कार्टवाल्यांनी काढलेली तोड मला फार आवडते: स्टिअरिंगची भूमिती अशी ठेवतात की हँडल वळवताच आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, सांगाडा पिळवटतो आणि आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटतं. ते सुटलं नाही तर कार्ट वळायला नकार देते आणि रबर खात राहते. सुटलं तर तेवढ्यापुरता सगळा भार बाहेरच्या टायरवर. पोरांचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाणारा, उजवी वळणं जास्त, म्हणून डावा टायर आधी गेला. मालात खोट नव्हती.

आपला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सरळ रेषेत धावतो, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

टायर पालटायची रीत यातूनच आली. मोटारीत पुढचे टायर मागे घालतात. कार्टमध्ये ते जमत नाही, कारण रिम दोन्हीकडे पाच इंचीच असले तरी पुढचा टायर साडेचार इंच रुंद आणि मागचा सुमारे सात. राहते डावी-उजवी अदलाबदल. पण पुष्कळ टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. आख्खं चाक उचलून दुसऱ्या बाजूला लावलं तर बाण उलटा होतो आणि बाहेरची कड बाहेरच राहते. टायर रिमवरून काढून, उलटा करून दुसऱ्या बाजूला चढवला तरच बाण पुढे राहतो आणि झिजलेली कड आत जाते. कष्टाचं काम आहे, पण टायरच्या पैशांपुढे काहीच नाही. खड्डे पुसले जायच्या आधी ते करायला हवं, नंतर करून उपयोग नाही.

हवेचंही तसंच. कार्टच्या टायरमध्ये साधारण दहा-बारा पौंड हवा असते, आणि टायर तापला की ती वाढते. आमच्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात सकाळी भरलेली हवा दुपारी खरी धरता येत नाही. शर्यतीआधी पुन्हा मोजून कमी करावी लागते. हवा जास्त झाली की टायर मधे फुगतो आणि मधेच झिजतो, कमी पडली की दोन्ही कडा जातात. शिवाय रबर दरवेळी तापून निवताना थोडं कडक होतं, म्हणून खड्डे दिसत असले तरी जुना टायर पकड सोडतो.

पुतण्याने आता प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला खडूने तारीख आणि किती फेऱ्या झाल्या ते लिहायला सुरुवात केली आहे. वाढईबुवांनी खडूऐवजी रंगाची पेन्सिल घ्यायला सांगितलं, खडू उन्हापावसात टिकत नाही म्हणून.