रिपोर्टमध्ये ‘पीटेन लॉस’ लिहिलंय? आधी हे वाचा

गाठीच्या तुकड्यावर पीटेनची तपासणी सांगितली की नातेवाईक पहिल्यांदा हेच विचारतात: मग मुलांनाही हा आजार होणार का? बहुतेक वेळा नाही. पीटेन बहुधा त्या गाठीतल्या पेशींमध्येच नाहीसं झालेलं असतं, वारशाने आलेलं नसतं.

पीटेन हे आपल्या पेशींमधलं प्रथिन. त्याचं जनुक १०व्या गुणसूत्रावर असतं, ते १९९७ मध्ये सापडलं. पेशीला बाहेरून वाढीचा संदेश आला की तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूला पीआयपी-३ हा स्निग्ध रेणू तयार होतो. तो आहे तोवर एकेटी नावाचं प्रथिन कामाला लागलेलं राहतं आणि पेशी वाढत जाते. पीटेन त्या रेणूवरचा एक फॉस्फेट काढून टाकतं आणि संदेश तिथेच थांबतो. पीटेनच नसेल तर थांबवणार कोण? गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये असं बऱ्याचदा दिसतं. पण नुसत्या ‘लॉस’वरून कॅन्सर ठरत नाही. निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही पीटेन नसलेल्या ग्रंथी सापडतात.

तपासणीसाठी आम्ही प्रयोगशाळेत ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यातून, ३-४ मायक्रॉन जाडीचे काप घेतो. जिथे पीटेन आहे तिथे तपकिरी रंग येतो. आम्ही आधी गाठ नाही, तिच्यातल्या रक्तवाहिन्या पाहतो, कारण त्यांच्यात पीटेन असतंच. त्या तपकिरी आणि गाठीच्या पेशी फक्त निळ्या, तर लॉस खरा. रक्तवाहिन्याही रंगल्या नसतील तर आम्ही रिपोर्ट देत नाही, तपासणी पुन्हा करतो. तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) पडला नाही की असं होऊ शकतं. म्हणून कृपया तुकडा सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात आणू नका.

घरात स्तन, थायरॉइड किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात, एकाहून अधिक जणांना झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. काउडन सिंड्रोम हा पीटेनचा आनुवंशिक आजार क्वचित आढळतो, पण तो रक्ताच्या जनुकीय तपासणीतून कळतो. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये एकेटीला रोखणारं कॅपिव्हॅसर्टिब हे औषध द्यायचं का, हे ठरवतानाही गाठीची जनुकीय तपासणी लागते. त्यासाठी आमचा रिपोर्ट पुरेसा नाही.

येताना पॅराफिन ब्लॉक आणि बायोप्सीच्या मूळ रिपोर्टची प्रत आणा. काम झालं की ब्लॉक आठवणीने परत न्या, पुढच्या तपासण्यांना तोच लागतो.