ओट्यावरची गोष्ट आणि चहाडी

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला जुन्या घराच्या ओट्यावर चार मैत्रिणी बसल्या की पहिली दहा मिनिटे भाजीच्या भावात जातात आणि मग कुणाचा तरी आवाज उतरतो : “आपल्यातच ठेवा हं.” या बैठकीला गुजराती शेजाऱ्यांचा ‘ओटला परिषद’ हा शब्द मराठी घरांतही चालतो, आणि फार खोलात शिरणारीला “कशाला पंचात करतेस?” असे ऐकावे लागते. इतरत्र मराठीत पंचाईत म्हणजे बहुधा अडचण. इथली पंचात म्हणजे दुसऱ्याच्या संसारातली उठाठेव.

मराठीने या बोलण्याच्या पायऱ्या फार पूर्वीपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. गप्पा हा फारसीतून आलेला शब्द निरुपद्रवी आहे. चकाट्या पिटणाऱ्यावर वेळ दवडल्याचा आरोप होतो, कंडी पिकवणाऱ्यावर खोटेपणाचा. चहाडीची गोष्ट मात्र निराळी, कारण ती खरी असू शकते, किंबहुना पुष्कळदा खरीच असते. तिचा दोष एवढाच की ज्याच्या हाती कुणाचे बरेवाईट करण्याची सत्ता आहे त्याच्या कानी ती घातलेली असते. म्हणजे भाषेच्या लेखी रेघ खरेखोटेपणावर ओढलेली नाही, ऐकणाऱ्यावर ओढलेली आहे.

बडोद्याच्या इतिहासात या रेघेचा एक मोठा खटला आहे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्यातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले आणि बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर संशय आला. विषाची हकिकत सर्वांना ठाऊक असते. पण आरोपपत्राचा आरंभ विषापासून नव्हे, तर महाराजांनी रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त बोलणी ठेवून त्यांना पैसे चारले येथपासून होता. तिथल्या आयेने आपण महाराजांना जाऊन भेटल्याची साक्ष दिली. साहेबांकडे कोण आले, काय बोलणे झाले, अशा गोष्टी नोकरमाणसे एरवीही आपसांत बोलतातच. तेच बोलणे वाड्यात पोहोचल्यावर हेरगिरी ठरले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या सहा सभासदांपैकी तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानले, तर ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी मानले नाहीत. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले.

कायद्यानेही केवळ खरेपणाला पुरेसे मानले नाही : २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या दंड संहितेतील कलम ४९९ प्रमाणे बदनामीकारक गोष्ट खरी असली तरी ती लोकहितासाठी सांगितलेली असावी लागे, आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही तेच आहे. मैत्रिणी अर्थात कोर्टात जात नाहीत.

ओट्यावर एकीने मुलाची सोयरीक डळमळल्याचे सांगितले होते. ऐकणारीने घरी नवऱ्याजवळ हळहळ व्यक्त केली, नवरा ऑफिसात सहज बोलून गेला, आणि तिथल्याच एका टेबलावर मुलीचे मामा बसत होते. आठ दिवसांत व्याह्यांचा फोन आला. मधल्या एकानेही पदरचा शब्द घातला नव्हता, आणि पहिलीचे म्हणणे आजही “मी काळजीपोटी बोलले” असेच आहे, जे मला खरे वाटते. पुढच्या आठवड्यात चौघी पुन्हा ओट्यावर जमल्या. त्या दिवशी भाजीचे भाव मात्र अंधार पडेपर्यंत चालले.